कुंकवाचा पंचनामा

दर दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेदहाला फिरत्या वाचनालयाची गाडी चर्चच्या भिंतीला लागून उभी राहायची. विभावरीच्या पंधरवड्यात घडणारी घटना म्हणाल तर तेवढीच. बाकीचे दिवस पाऊस पडायचा आणि ती इस्त्री करायची.

गाव लेटरकेनी या आयरिश शहरापासून अकरा मैलांवर. गाव म्हणायचं ते आपलं समाधान म्हणून. एक चर्च, एक पब, एकाच काउंटरवर पोस्ट आणि किराणा चालवणारं एक दुकान, आणि एकाच माणसाची पोलीस चौकी. पोलिसाला इथे गार्डा म्हणतात. विभावरीचा नवरा हर्षवर्धन लेटरकेनीच्या हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होता. तिथे घर मिळेना म्हणून हे घेतलं, आणि घेताना दोघांनाही समोरची टेकडी फार आवडली होती. टेकडी पहिल्या आठवड्यातच पाहून झाली. गाडी एकच, ती हर्ष घेऊन जायचा. एकदा गेला की कधी तीस तासांनी यायचा, कधी छत्तीस, आणि आला की कोटही न काढता जेवून झोपायचा. त्याच्यावर रागवायचीसुद्धा सोय नव्हती. दमलेल्या माणसावर राग काढला की तो फिरून आपल्याच अंगावर येतो.

नागपुरात विभावरीला कुणी डॉक्टरची बायको म्हणून ओळखत नव्हतं. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती सहायक रासायनिक विश्लेषक होती. खुनाच्या आणि मारामारीच्या प्रकरणांतले शर्ट, चाकू, सतरंज्या सीलबंद पुडक्यांतून तिच्या टेबलावर यायच्या, आणि डाग रक्ताचा आहे की पानाच्या पिंकेचा, ते ती सांगायची. उलटतपासणीत भले भले वकील तिला घोळात घ्यायला बघायचे, पण बाई तसूभर हलायची नाही. इथे मात्र तिच्या पासपोर्टावर शिक्का होता, की हिला या देशात काम करता येणार नाही. नवऱ्यामागे आलेल्या सगळ्याच बायकांना तेव्हा तो शिक्का मिळायचा, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी?

सप्टेंबरात प्रयोगशाळेचं पत्र आलं. दोन वर्षांची बिनपगारी रजा संपत आहे, एक डिसेंबरला रुजू व्हावे. होणार की नाही ते पंधरा नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावे, अन्यथा जागा रिकामी झाली असे धरण्यात येईल. विभावरीनं ते चारदा वाचलं आणि चमच्यांच्या ट्रेखाली ठेवून दिलं. हर्षची मोठी परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस होती. जाते म्हणावं तर हा माणूस या ओल्या घरात एकटा पडणार, आणि राहते म्हणावं तर सहा वर्षांच्या मेहनतीची जागा जाणार. मग काहीच न म्हणणं हा आपल्याकडचा जुना उपाय तिनं केला. ऑक्टोबर उजाडला तरी पत्र ट्रेखालीच होतं.

दर रविवारी ती परदेशी फोनांचं कार्ड वापरून आईला फोन करायची. आई पहिल्याच वाक्याला विचारायची, “काहून गं, घसा बसला का तुझा?” घसा बसला नव्हता. आठवडाभर वापरलाच नव्हता.

तर ती गाडी. ती चालवायचा युनन नावाचा एक पोक्त माणूस, आणि आतल्या पुस्तकांचं सगळं तोच बघायचा. फळ्यांवर मोठ्या टायपातल्या प्रेमकथा, गुरांच्या रोगांची पुस्तकं आणि उरलेल्या जागेत काउबॉयांच्या कादंबऱ्या. एवढ्या काउबॉय कादंबऱ्या कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा युनन म्हणाला, “या डोंगरात जितके म्हातारे ब्रह्मचारी आहेत ना, ते सगळे हेच वाचतात. लग्न केलं असतं तर प्रेमकथा वाचल्या असत्या.” विभावरीनं एक नेली, मग दोन, मग एका शेरीफच्या, म्हणजे तिकडच्या फौजदाराच्या, मालिकेला ती लागलीच. सरहद्दीवरचं धुळीनं भरलेलं गाव, तिथे एकटा शेरीफ, आणि दर पुस्तकात एक खून. कथा चटपटीत असायची, पण शेरीफचा तपास बघून तिचा जीव खालीवर व्हायचा. हा गडी पुरावा म्हणून काही गोळाच करायचा नाही. संशयिताच्या डोळ्यांत बघायचा आणि त्याला कळायचं! डोळ्यांत बघून कळत असतं तर सरकारनं प्रयोगशाळा कशाला काढल्या असत्या?

एका पुस्तकात तर कहर झाला. एका पशुपालकानं बायकोला माळावरच्या घरात कोंडून ठेवलेलं असतं. शेरीफ दहा दिवसांनी तिथे पोचतो, तर जमिनीवर रक्ताचा डाग लालभडक! विभावरीला राहवलं नाही. पुस्तक वाचनालयाचं आहे हे विसरून तिनं समासात पेन्सिलीनं मराठीत लिहिलं, “साफ चूक! दहा दिवसांत रक्त काळपट पडतं. याला कुणीतरी सांगा!” आणि खाली दोन जाड रेघा ओढल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच आपलं मत कुणासमोर तरी मांडल्यासारखं तिला वाटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी दसरा आला. आपापल्या विद्येची साधनं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती द्यायची. हर्षचा जुना स्टेथोस्कोप होता, तो तिनं मांडला. त्याची पुस्तकं मात्र अभ्यासासाठी हॉस्पिटलात गेली होती. मग स्वतःचं काय मांडावं म्हणून ती घरभर फिरली. सूक्ष्मदर्शक नागपुरात, वह्या नागपुरात. इथे तिचं म्हणण्यासारखं हत्यार होतं ते इस्त्री. ती काही विभावरी पाटावर ठेवणार नव्हती. शेवटी घरातलं एकुलतं एक पुस्तक, तो शेरीफच, सरस्वतीच्या जागी बसला. ओल्या बोटांनी तिनं नेमकं तेच रेघा ओढलेलं पान उघडून कुंकू लावलं, हळद वाहिली, अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. नमस्कार करताना तिला हुंदका आला. त्याचं कारण सरस्वतीला ठाऊक असावं.

पुढच्या गुरुवारी आंघोळ करून येते तोच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ओले केस तसेच गुंडाळून ती धावत गेली आणि पुस्तक देऊन दुसरं घेऊन आली. आतलं पान पुसायचं राहून गेलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दिवाळी आली आणि गेली. विभावरीनं सवयीनं वीस माणसांना पुरेल एवढा चिवडा आणि लाडू केले, आणि मग ताट भरून कुणाकडे पाठवायचं या विचारात अडकली. डबे भरलेलेच राहिले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, हर्ष आदल्या सकाळपासून ड्यूटीवर असताना, अकराच्या सुमारास दारावर थाप पडली. तिनं खिडकीतून पाहिलं, तर बाहेर गार्डाची गाडी.

पोलीस दारात दिसला की ज्याचं माणूस रस्त्यावर असतं त्याला एकच गोष्ट सुचते. रात्रभर जागलेला हर्ष, ओला रस्ता, वळणं. दार उघडायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिनं सगळं पाहून घेतलं.

“माझा नवरा?” तिनं विचारलं.

“नाही, नाही, देवा! तसलं काही नाही,” दारातला उंच, पिकल्या मिशांचा माणूस हात हलवत म्हणाला. “डॉक्टर ठीक असतील. मी मॅनस, इथल्या चौकीतला. तुम्हाला घाबरवलं, माफ करा. दोन मिनिटं आत येऊ का?”

तो आत आला, टोपी काढली, आणि कोटाच्या आतून ब्राउन कागदात नीट गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. कागद उलगडला. आत तो शेरीफ होता. मॅनसनं पान उघडलं. लालभडक बोटाचा ठसा, पिवळे डाग, चिकटलेले दोन तांदूळ, शेजारी अनोळखी लिपीत खरडलेल्या ओळी आणि खाली दोन जाड रेघा.

“ही पुस्तकं मीही वाचतो,” मॅनस जरा ओशाळून म्हणाला. “तुमच्यानंतर हे माझ्याकडे आलं. आता बघा, गोष्टीत बायकोला घरात कोंडलंय, नेमकं त्याच पानावर हे लाल, आणि हे लिहिलेलं. युननला विचारलं, आधी कोणी नेलं होतं? तो म्हणाला डॉक्टरांच्या मिसेस. तुम्ही एकट्या असता, कुठे दिसत नाही. चार दिवस विचार केला. मूर्खपणा असेलही. पण न येण्याचा मूर्खपणा मला नको होता.” मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “तुम्ही बऱ्या आहात ना?”

“ग्रँड,” विभावरी म्हणाली. बरी आहे म्हणायला इथे सगळे हाच शब्द वापरतात, तीही शिकली होती.

मग तिला एकदम हसू आलं, आणि हसू ओसरल्यावर तिच्यातली प्रयोगशाळेतली बाई जागी झाली. पाठ आपोआप ताठ झाली. “हे रक्त आहे असं तुम्हाला वाटलं? बसा, तुम्हाला दाखवते. हा डाग चार आठवड्यांचा आहे. रक्त असतं तर एव्हाना तपकिरी झालं असतं, कागद आखडला असता, कडेला गडद रेघ आली असती. इथे आहे का रेघ? नीट बघा.” मॅनसनं चष्मा लावून पाहिलं. रेघ नव्हती. तिनं बशीत हळद घेतली, वर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं. हळद लाल झाली. मॅनस खुर्चीत पुढे सरकला. मग तिनं त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले आणि लाल पुन्हा पिवळं झालं. “माझी आई हळदीत चुना घालून घरीच कुंकू करते. हे तिनंच दिलेलं, तेही तसंच वागेल.” काडीनं लिंबाचा एक थेंब तिनं पानावरच्या ठशाच्या कडेला लावला. तिथे पिवळा ठिपका उमटला.

“आणि हे काय लिहिलंय?”

“तुमच्या शेरीफला तपासातलं काही कळत नाही, असं लिहिलंय.”

मॅनस खो खो हसला. “हे मीही म्हणतोय, तीस वर्षं!” मग तिनं दसऱ्याचं सगळं सांगितलं, नागपूरच्या टेबलाचंही सांगितलं, पुडक्यांची लाखेची सीलं, कोर्टातले वकील, सगळं. बोलता बोलता अर्धा तास गेला. एवढा वेळ सलग ती या देशात कधीच बोलली नव्हती. मॅनस मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारायचा आणि ती उत्तर द्यायला आणखी खुलायची. त्यानं सांगितलं की तो एकटाच चौकीच्या मागच्या खोल्यांत राहतो आणि पबमध्ये जेवतो. “पुस्तकातला शेरीफ शेवटी घोड्यावर बसून निघून जातो,” तो म्हणाला. “माझ्याकडे घोडा नाही, आणि जायचं तर कुठे?”

तिनं चहा ठेवला, बशीत चिवडा आणि दोन लाडू काढले. मॅनस नको नको म्हणाला. विभावरीनं बशी त्याच्यापुढे आणखी सरकवली. “घ्या हो. आमच्याकडे पहिला नकार कुणी धरत नाही. दुसऱ्यांदा विचारायचंच असतं.”

“आमच्याकडेही तसंच,” म्हणत त्यानं लाडू उचलला. तो पूर्ण खाल्ला, बोटं रुमालाला पुसली, पुस्तक कागदात गुंडाळलं, टोपी हातात घेतली आणि दाराशी जाऊन वळला.

“मिसेस, मग मीही दुसऱ्यांदा विचारतो. तुम्ही बऱ्या आहात का?”

विभावरीनं तोंड उघडलं. ग्रँड हा शब्द काही आला नाही.

“नाही,” ती म्हणाली. आणि मग त्या परक्या, पिकल्या मिशांच्या माणसासमोर, पदर नव्हता म्हणून ओट्यावरचं फडकं डोळ्यांना लावून ती रडली. मॅनस जवळ आला नाही आणि निघूनही गेला नाही. टोपी हातात धरून उभा राहिला. तिचं आटोपल्यावर म्हणाला, “हे डॉक्टरांना माहीत आहे?” तिनं नकारार्थी मान हलवली. “मग मला सांगून काय उपयोग, बाई?” असं म्हणून तो गेला.

हर्ष दुपारी चारला आला. तिनं त्याच्यापुढे वरणभात वाढला आणि गार्डा येऊन गेल्याचं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. “गार्डा? आपल्या घरी? व्हिसाचं काही आहे का?” तिनं पुस्तकाची हकिकत सांगितली. तो दमून हसला. “वाचनालयाचं पुस्तक खराब केलंस तू, विभा. रागावला असेल तो.”

“नाही. मी बरी आहे का विचारायला आला होता.”

“मग? काय सांगितलंस?”

“पहिल्यांदा विचारलं तेव्हा हो म्हटलं. दुसऱ्यांदा नाही म्हटलं.”

ती उठली, चमच्यांचा ट्रे उचलला आणि पत्र त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं डाव्या हातानं उलगडून वाचलं. तारखेवर त्याची नजर बराच वेळ थांबली.

“हे सप्टेंबरचं आहे.”

“हो.”

“दोन महिने या घरात तू आणि हे पत्र. आणि मी...”

“तुझी परीक्षा होती, हर्ष.”

“मी दिवसाला तीस माणसांना विचारतो,” तो म्हणाला, “कसं वाटतंय, झोप लागते का, जेवण जातं का. अनोळखी माणसांना.” ताटातला भात त्यानं उगाच कालवला. “जा तू, विभा. रुजू हो. उद्या सकाळी मीच पत्र टाकतो.”

विभावरीनं दोन महिने ज्या वाक्याची वाट पाहिली होती, ते इतक्या पटकन आलं की तिला लागलंच. थोडं तरी थांबवायचं होतं यानं, एकदा तरी नको म्हणायचं होतं. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि तिला दिसलं की हा माणूस बारीक झालाय, कॉलर सैल झाली आहे, आणि ताटावर वाकून तो जेवत नाहीये, तोंड लपवतोय. परीक्षा, मग हॉस्पिटलचं जुलैपर्यंतचं कंत्राट, तोवर हे घर, हा ओला अंधार आणि तो. त्यानं तिला जाऊ दिलं होतं, कारण राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे त्याला माहीत होतं. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

“तू बरा आहेस का?” तिनं विचारलं.

“मला काय धाड भरलीय?” हर्ष म्हणाला. तोंड धुवून तो झोपायला गेला. तिला पुन्हा विचारायचं होतं, पण तोवर त्याचा डोळा लागला होता.

दुसऱ्या दिवशी तो तिनं रात्री लिहिलेलं होकाराचं पत्र खिशात घालून ड्यूटीवर गेला. दुपारी त्याचा हॉस्पिटलातून फोन आला, पत्र टाकलं, म्हणून. त्याला कुणीतरी हाक मारत होतं, तो जास्त बोलला नाही. विभावरीनं फोन ठेवला आणि चौकीचा नंबर फिरवला.

“मॅनस बोलतोय.”

“मी डॉक्टरांची मिसेस. कालची.” ती घाईघाईनं बोलत सुटली, थांबली तर धीर सुटेल म्हणून. “मी या महिन्याच्या शेवटी घरी चालले आहे. कामावर. पण माझा नवरा इथेच राहणार. या घरात, एकटा. तुमचं काम नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही अधूनमधून याल का? आमच्या दारावर थाप माराल?”

“येईन की,” मॅनस म्हणाला. “पण तो डॉक्टर माणूस. मी विचारलं तर ग्रँड म्हणेल आणि दार लावून घेईल.”

“हो,” विभावरी म्हणाली, आणि आपला आवाज स्थिर राहिलाय याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “पहिल्यांदा तो तसंच म्हणेल. तुम्ही दुसऱ्यांदा विचारा. माझं तेवढं राहून गेलंय.”